गोळी बंद केली, तरी अंगावर पुन्हा का उठलं?

पत्र : माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६३. कोरेगाव तालुक्यात गावी असतात. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. आरोग्य शिबिरात युरिक ॲसिड ८.२ आणि क्रिएटिनिन १.७ निघालं, म्हणून ॲलोप्युरिनॉल ३०० ची रोज एक गोळी सुरू झाली. सांधे कधीच दुखले नव्हते. पाचव्या आठवड्यात ताप आला, मग अंगभर लाल पुरळ, तोंड सुजलं. डेंग्यू असेल म्हणून गावाकडे पाच दिवस सलाईन, इंजेक्शनं, अँटिबायोटिक झालं. रोजच्या गोळ्या चालूच होत्या. शेवटी साताऱ्याला हलवलं. इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १८ टक्के, एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) ४१२. ‘ड्रेस सिंड्रोम’, म्हणजे ॲलोप्युरिनॉलची गंभीर ॲलर्जी, असं सांगितलं, अकरा दिवस ॲडमिट होते. प्रेडनिसोलोन ५० मिलीग्रॅमवर घरी सोडलं. स्टेरॉइड वाईट असं सगळेच म्हणतात, म्हणून आम्हीच बारा दिवसांत २० वर आणलं, तर ताप आणि पुरळ परत. आता पुन्हा ४० चालू आहे आणि दुपारची साखर २८० येते. दोषी गोळी बंद होऊनही हे परत का आलं? स्टेरॉइड कधी सुटणार? आता त्यांना कुठलीच गोळी द्यायची भीती वाटते. काका तीच युरिक ॲसिडची गोळी तीन वर्षं घेताहेत, त्यांनी बंद करावी का? आणि अण्णांचं युरिक ॲसिड अजून ८ च आहे, त्याचं काय? — एक वाचक, सातारा

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट. आजपासून प्रेडनिसोलोनचा डोस घरी कुणीही कमी करायचा नाही आणि एकदम बंद तर अजिबात नाही. तीन आठवड्यांहून जास्त दिवस ही गोळी पोटात गेली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. अशा वेळी गोळी अचानक थांबली तर आजार उलटतोच, शिवाय उलट्या, गळून जाणं, बीपी एकदम खाली येणं असा वेगळाच धोका उभा राहतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तरीही वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता परत का आलं ते. ॲलोप्युरिनॉलचं शरीरात ऑक्सिप्युरिनॉल होतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. ६३ वर्षांच्या माणसाचं क्रिएटिनिन १.७ म्हणजे किडनीचं काम निम्म्याच्या आसपास आलेलं. त्यामुळे ते रक्तात नेहमीपेक्षा जास्त साठतं आणि गोळी बंद केल्यावरही उतरायला जास्त दिवस घेतं. पण अण्णांचा आजार बारा दिवसांनी उलटला, त्याचं कारण एवढंच नाही. ही ॲलर्जी पित्त उठण्यासारखी नसते. पित्त उठतं ते गोळी घेतल्यावर तासाभरात, आणि बहुधा दिवसभरात बसतं. इथे रक्तातल्या टी पेशी त्या औषधाला शत्रू म्हणून ओळखायला शिकतात, वाढत जातात, आणि दोन ते आठ आठवड्यांनी हल्ला चढवतात. पहिले चार आठवडे अण्णांना काहीच झालं नाही ते म्हणूनच. या गोंधळात शरीरात वर्षानुवर्षं झोपून असलेले नागिणीच्या कुळातले विषाणू जागे होतात, विशेषतः एचएचव्ही-६, आणि तेही आजार सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. चुलीतलं लाकूड ओढून घेतलं तरी निखारे धगधगत राहतात, तसं हे आहे. वरचं झाकण म्हणजे स्टेरॉइड, आणि तुम्ही ते लवकर काढलंत. यात तुम्हाला दोष देत नाही. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘हळूहळू कमी करा’ लिहिलेलं असतं, तेव्हा प्रत्येक घर आपापला अर्थ लावतं.

हळूहळू म्हणजे किती? साधारण पद्धत अशी : ताप नाही, नवं पुरळ नाही, एसजीपीटी उतरतंय, असं दिसलं की दर आठवड्या-दहा दिवसांनी ५ ते १० मिलीग्रॅम कमी. २० च्या खाली आलं की त्याहून सावकाश, एका वेळी ५ किंवा २.५. सगळं मिळून दोन-तीन महिने सहज जातात, एकदा उलटलेल्या रुग्णाला त्याहून जास्त. डॉक्टरांकडून तारीखवार लिहून घ्या : अमुक तारखेपासून ४०, अमुक तारखेपासून ३५. तो कागद कॅलेंडरशेजारी लावा. प्रत्येक पायरी उतरायच्या आधी सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन तपासा. एसजीपीटी पुन्हा चढत असेल तर अंगावर काही दिसत नसलं तरी पायरी उतरायची नाही. इथे बरेच जण एका ठिकाणी फसतात. स्टेरॉइडमुळे इओसिनोफिल काही तासांतच खाली येतात, त्यामुळे रिपोर्टवर इओसिनोफिल शून्य-एक टक्का दिसले म्हणजे आजार संपला असं नाही. ताप, मानेतल्या-काखेतल्या गाठी, चेहऱ्याची सूज आणि एसजीपीटी यांच्यावर नजर ठेवा.

गावाकडचे पहिले पाच दिवस वाया गेले त्यातही याचा हात असू शकतो. ताप आणि अंगावर पुरळ दिसलं की एखादं डेक्सामेथासोनचं, म्हणजे स्टेरॉइडचंच, इंजेक्शन देऊन टाकायची आपल्याकडे सवय आहे. त्याने एक दिवस बरं वाटतं आणि रक्तातला सगळ्यात मोठा पुरावा पुसला जातो. म्हणून असा रुग्ण आला तर रक्त आधी काढायचं, इंजेक्शन नंतर. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात, इओसिनोफिल वाढत नाहीत, आणि ताप बहुतेकांचा आठवड्यात उतरतो. ड्रेसमध्ये पांढऱ्या पेशी बहुधा वाढलेल्या असतात आणि ताप हटत नाही. रिपोर्टवर इओसिनोफिल टक्क्यांत असतात, खरा आकडा घरी काढता येतो : एकूण पांढऱ्या पेशी १४,००० आणि इओसिनोफिल १८ टक्के असतील तर १४,००० गुणिले १८ भागिले १००, म्हणजे २,५२०. साधारण ५०० पर्यंत ठीक. जंतांमुळे, दम्यामुळेही हा आकडा वाढतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निदान करू नका. मात्र ताप, सुजलेला चेहरा, अंगभर पुरळ आणि हा आकडा १,५०० च्या वर असं एकत्र दिसलं, तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : गेल्या आठ आठवड्यांत कुठली नवी गोळी सुरू झाली होती? ‘काल काय खाल्लं’ यापेक्षा हा प्रश्न कामाचा. आणि ‘चालू गोळ्या चालू राहू द्या’ हे वाक्य अशा वेळी घातक ठरतं.

साखरेचं. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारपासून रात्रीपर्यंत साखर वाढवतं, पहाटेपर्यंत उतार पडतो. म्हणून उपाशीपोटी १०५ आणि जेवणानंतर २८० असं चित्र दिसतं. ‘उपाशीपोटी नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी, अशा दोन वेळा ग्लुकोमीटरवर बघून वहीत लिहा. डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतील, ते मान्य करा. मात्र स्टेरॉइड जसजसं उतरेल तसतशी साखरेची औषधंही उतरवावी लागतात. हे विसरलं की पहाटे साखर घसरते, आणि किडनी अशक्त असलेल्या माणसाची घसरलेली साखर पटकन वर येत नाही. स्टेरॉइडची पायरी आणि साखरेची पायरी एकाच कागदावर लिहून घ्या.

प्रेडनिसोलोन सकाळी, पोटभर नाश्त्यानंतर. संध्याकाळी घेतलं तर रात्रभर डोळा लागत नाही. लोणचं, पापड, खर्डा यांतलं मीठ बीपी चढवतं, पाय सुजवतं, तेवढं आवरा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला तर ती बुरशी असते, तिच्यावर साधं औषध आहे. अंगाची साल निघत असेल तर कोमट पाण्याने आंघोळ, अंग ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली, दिवसातून तीन-चारदा. कडुलिंबाचं पाणी, हळदीचा लेप, बोरिक पावडर काही नको. काढाही नको, त्यात गुळवेल आली. लिव्हर सुजलेलं असताना एसजीपीटी चढलं तर ते आजारामुळे की काढ्यामुळे हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्यावर स्टेरॉइडचा निर्णय अडकेल.

‘कुठलीच गोळी नको’ ही भीती मात्र अर्धीच खरी आहे. आयुष्यभर बंद फक्त ॲलोप्युरिनॉल, आणि ते कायमचं. अर्धी गोळीसुद्धा नाही, चुकूनही नाही. पुन्हा पोटात गेलं तर यावेळी पाच आठवडे लागणार नाहीत, काही तासांत किंवा दिवसांत उलटू शकतं आणि जास्त जोराने. हातावर टोचून घेतलेली ‘टेस्ट’ इथे उपयोगाची नाही. ती तासाभरात उठणाऱ्या ॲलर्जीसाठी असते. त्वचेवर पट्टी लावून करायची टेस्टही ॲलोप्युरिनॉलसाठी बहुधा निगेटिव्ह येते आणि उगाच धीर देते.

पेनिसिलिन, सल्फा, पॅरासिटामॉल यांचं ॲलोप्युरिनॉलशी रासायनिक नातं नाही, त्यामुळे ती सगळी जन्मभर वर्ज्य नाहीत. उलट केस पेपरवर ‘सर्व औषधांची ॲलर्जी’ असा शेरा बसला तर उद्या न्यूमोनिया झाल्यावर चांगलं औषध हाताशी असून मिळणार नाही. पण आत्ताचे काही महिने वेगळे आहेत. अंगातली आग शमेपर्यंत नव्या औषधांवरही पुरळ उठण्याची शक्यता जास्त असते, मग कोण दोषी ते कळत नाही. म्हणून सध्या नवं औषध अगदी गरजेचं असेल तरच, आणि एका वेळी एकच. ज्या औषधांनी असे आजार मुळातच जास्त होतात ती शक्यतो टाळायची : फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, लॅमोट्रिजिन, सल्फाची को-ट्रायमॉक्साझोल, डॅप्सोन. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक तर अण्णांना अजिबात नको. ॲलर्जीपेक्षा किडनीसाठी, आणि स्टेरॉइडसोबत जठराला जखम होते म्हणून. मेडिकलमधून ‘अंगदुखीची द्या’ म्हणून आणलेल्या गोळीत हेच असतं. पॅरासिटामॉलही किती द्यायचं ते एसजीपीटी बघून डॉक्टर ठरवतील.

एक कार्ड करा, मराठीत आणि इंग्रजीत. त्यावर औषधाचं मूळ नाव ॲलोप्युरिनॉल, नुसतं ब्रँडचं नाव नको, कारण ती गोळी अनेक नावांनी मिळते. खाली आजाराचं नाव, महिना-वर्ष, ‘लिव्हरला सूज, पुन्हा देऊ नये’, आणि ‘सध्या प्रेडनिसोलोन चालू’. एक प्रत आधार कार्डाच्या पाकिटात, एक फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. दात काढायचा असला तरी दाखवा.

काकांचं वेगळं आहे. या औषधाचा हा धोका मुख्यतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत असतो. तीन वर्षं ठरलेल्या डोसवर बिनतक्रार असलेल्या माणसाला आता तो होण्याची शक्यता फारच कमी. त्यांना खरोखर अंगठ्याचा गाऊट (युरिक ॲसिडमुळे सांधा सुजून ठणकणं) असेल तर भावाला झालं म्हणून गोळी बंद केल्याने फक्त ठणका परत येईल. मध्ये मोठा खंड पडला तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुन्या डोसवर उडी मारायची नाही. ज्यांनी ही गोळी कधी घेतलेली नाही अशा सख्ख्या नात्याकडे, म्हणजे तुम्ही, तुमची भावंडं, अण्णांची बाकीची भावंडं, जास्त लक्ष हवं. ॲलोप्युरिनॉलच्या या आजाराशी एचएलए-बी*५८:०१ नावाच्या जनुकाचं घट्ट नातं आहे. अण्णांमध्ये ते असेल तर प्रत्येक मुलात असण्याची शक्यता किमान निम्मी. असलं म्हणजे आजार होतोच असं नाही, आणि नसलं म्हणजे धोका शून्य असंही नाही, पण पुढे कुणाला ही गोळी द्यायची वेळ आली तर आधी ही रक्ततपासणी करून घ्यावी. आयुष्यात एकदाच करायची असते. पॉझिटिव्ह असेल तर ती गोळी घ्यायचीच नाही.

आता युरिक ॲसिड. इथे थोडं परखड लिहितो. सांध्याचा एकही झटका नाही, मुतखडा नाही, अशा माणसाला नुसत्या ८.२ आकड्यासाठी ही गोळी सहसा लागत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच बाजूची आहेत. आणि ज्याला गाऊटसाठी द्यायचीच आहे त्याला सुरुवात १०० मिलीग्रॅम किंवा त्याहून कमीपासून, किडनी अशक्त असेल तर आणखी कमी. पहिल्याच दिवशी ३०० म्हणजे धोका वाढवून घेणं. शिबिरातल्या पॅकेजमध्ये युरिक ॲसिड असतं, शेजारी लाल बाण छापून येतो, आणि बाणावर औषध लिहिलं जातं.

तो आकडा वाढला कशामुळे हे कुणी पाहिलं का? अण्णांच्या बीपीच्या गोळीची पट्टी हातात घ्या. नावाच्या शेवटी ‘एच’ आहे का, किंवा घटकांत हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन लिहिलंय का? ही लघवी वाढवणारी औषधं युरिक ॲसिड वर ढकलतात, आणि ॲलोप्युरिनॉलसोबत असताना या आजाराचा धोकाही वाढत असावा असं मानलं जातं. म्हणजे बीपीच्या गोळीने आकडा वाढवला, आकड्यासाठी दुसरी गोळी, तिच्यामुळे स्टेरॉइड, स्टेरॉइडमुळे साखरेची गोळी, अशी माळ झालेली असू शकते. बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका, पण बदलता येईल का ते फिजिशियनना विचारा. लोसार्टन बीपीसोबत युरिक ॲसिडही थोडं उतरवतं; अण्णांच्या किडनीला आणि पोटॅशियमला ते चालेल का, हे तेच ठरवतील. बाकी बिअर, कलेजी-वजडी, बाटलीतली गोड सरबतं बंद. डाळी-कडधान्यं सोडायची गरज नाही. ८ वर आकडा राहिला तरी चालेल, आत्ता त्याच्यामागे लागायची वेळ नाही. पुढे खरंच गाऊट झाला तर फेबुक्सोस्टॅट हा वेगळ्या रचनेचा पर्याय आहे. तेही कमी डोसपासून आणि नजर ठेवून, हृदयाचा आजार असेल तर विचार करून.

स्टेरॉइड सुटल्यावरही फाइल कपाटात टाकू नका. या आजाराचा उशिरा येणारा फटका थायरॉइडला बसतो, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, आणि मग वर्षभर अधूनमधून. क्वचित स्वादुपिंडाला बसतो. स्टेरॉइड संपूनही साखर चढीच राहिली, तहान आणि लघवी वाढली, तर ‘स्टेरॉइडची साखर आहे, जाईल’ म्हणत बसू नका. हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, तीही काही आठवड्यांनी. जिना चढताना नव्याने दम लागला, छातीत जड वाटलं, धडधडलं, तर त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिन ही हृदयाची रक्ततपासणी.

याचंच एक अधिक तातडीचं भावंड आहे, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, तेही ॲलोप्युरिनॉलने होतं. ते बहुधा गोळी सुरू केल्यापासून चार ते अठ्ठावीस दिवसांत दिसतं : ताप, डोळे लाल, तोंड आतून सोलवटलेलं, लघवीला आग, आणि कातडी दुखणं. खाज कमी, दुखणं जास्त. घरोघरी याला ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणतात आणि दोन दिवस अंगावर काढतात. कातडीवर फोड आले किंवा बोटाने हलकेच सरकवल्यावर ती सुटली, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. सोबत सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या. फोड फोडू नका, अंगाला काही फासू नका, चिकटपट्टी लावू नका. त्वचारोगतज्ज्ञ, फिजिशियन, डोळ्यांचे डॉक्टर आणि आयसीयू एका ठिकाणी असतील तिथेच थेट न्या, म्हणजे तुमच्याकडून कराड किंवा पुणे. सातारा सिव्हिल जवळ पडत असेल तर तिथे स्थिर करून पुढे.

ॲलोप्युरिनॉलची उरलेली पट्टी फेकली नसेल तर ठेवा, तिच्यावर बॅच नंबर असतो. औषधाचा दुष्परिणाम भारतीय औषध दक्षता कार्यक्रमात रुग्णाचे नातेवाईकही नोंदवू शकतात. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. फोन करताना डिस्चार्ज कार्ड समोर असू द्या : गोळी कधी सुरू झाली, ताप कधी आला, गोळी कधी थांबली, या तीन तारखा विचारल्या जातील. पैसे लागत नाहीत, आणि ही डॉक्टरांविरुद्धची तक्रार धरली जात नाही.